रीफवर गळाला बसायचं तर नांगर कोणता? (दोन समुद्रार्पण झालेत)

उथळ पाणी
नमस्कार मंडळी. बोट १६ फुटी, फायबरची, मागे ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. बोटीबरोबर आलेला डॅनफोर्थ नांगर दोन वर्षं वाळूत वापरला, एकदाही दगा दिला नाही. यंदा खडकांवर गळ टाकायचा नाद लागला आणि दोन महिन्यांत दोन नांगर घालवले. पहिला अडकला तो अडकलाच. अर्धा तास खेचून हाताची सालं गेली, शेवटी सुरी काढली. दुसऱ्या वेळी निघताना दोर ओढला तर कापसासारखा हलका वर आला, खाली काहीच नाही.

खोली साधारण १८ ते २२ मीटर. तळाला खडक, मध्येमध्ये वाळूचे पट्टे. आता तिसरा घ्यायचाय. ग्रॅपनेल (आकड्यांचा) घेऊ, प्लाऊ (शेतातल्या नांगरासारख्या फाळाचा) घेऊ, की आणखी काही? साखळी किती लावू? आणि तो 'आपोआप सुटणारा' नांगर बांधतात म्हणे, तो कसा? घरचे म्हणतात मासे विकत आण, स्वस्त पडेल. त्यांना उत्तर द्यायचंय.

बिनदोर
दोन पेरलेत ना? थोडं थांबा, उगवतील. (हलके घ्या.)

डावा वल्हा
ग्रॅपनेल. विषय संपला.

निरगाठ
विषय आत्ता कुठे सुरू होतोय, डावा वल्हा.

उथळ पाणी, तुमचा डॅनफोर्थ वाईट नाही, चुकीच्या ठिकाणी टाकलात. त्याचे दोन रुंद फाळ बिजागरीवर हलतात आणि वाळू-चिखलात पुरले जातात, तेच त्याचं बळ. खडकात पुरायला काही नसतं. एक तर तो दगडावरून घसरत जातो, नाहीतर फाळ एखाद्या फटीत असा पाचरीसारखा बसतो की तुमचं आउटबोर्ड काय, देव आला तरी हलत नाही. प्लाऊचंही खडकात थोडंफार तसंच.

खडकासाठी चार-पाच आकड्यांचा ग्रॅपनेल, आणि आकडे साध्या माइल्ड स्टीलच्या सळईचे. स्टेनलेस नको, स्प्रिंग स्टील तर नकोच. अडकल्यावर आकडा सरळ व्हायला हवा, त्यासाठीच तो मऊ ठेवायचा. नांगर वर घ्यायचा, पाइप घालून आकडे पुन्हा वाकवायचे, पुढच्या खेपेला तयार. तुमच्या बोटीला १० मिमी सळई ठीक. १२ ची घेतलीत तर आकडा सरळ करण्याइतकं ओझं ही बोट दोरावर आणू शकणार नाही, आणि ८ ची जरा वारा सुटला की बसल्या जागी उघडेल.

पण त्याआधी मला एक सांगा. दुसऱ्या नांगराच्या वेळी दोराचं टोक कसं दिसत होतं?

उथळ पाणी
टोक म्हणजे? दोर होता, नांगर नव्हता.

निरगाठ
पिंजलेलं होतं, सुरीने कापल्यासारखं होतं, की गाठ सुटलेली होती? बघून सांगा. तोवर नवीन काही घेऊ नका.

खारट
निरगाठकाकांचा पंचनामा सुरू झाला. बसून घ्या सगळे.

लोहारबुवा
ग्रॅपनेल घरी करायचा तर: मधला दांडा म्हणून जाड पाइपचा हातभर तुकडा, सळया त्याच्या आतून घालून खालच्या तोंडातून बाहेर काढायच्या आणि वाकवायच्या. सळया पाइपच्या बाहेरून वेल्ड केल्यात तर वाकण्याचा सगळा ताण वेल्डवर येतो आणि एक दिवस आकडाच तुटून खाली राहतो. बुडाला जाड कडी वेल्ड करा, वरच्या टोकाला दुसरी. बुडाची कडी विसरू नका, ती कशाला ते बाकीचे सांगतीलच.

डावा वल्हा
मी सांगतो, बुडाच्या कडीला साखळी लावायची. विषय संपला.

खारट
तुझा विषय फार लवकर संपतो रे.

आपोआप सुटणारा नांगर म्हणजे असा. नेहमी आपण साखळी दांड्याच्या वरच्या कडीला लावतो. इथे तसं करायचं नाही. साखळीचं टोक शॅकलने (पिन लावून बंद होणाऱ्या U आकाराच्या कडीने) बुडाच्या कडीला जोडायचं. तिथून साखळी दांड्याला लगटून वर आणायची आणि वरच्या कडीपाशी केबल टायने किंवा दोऱ्याने बांधायची. म्हणजे नांगर टाकला की ओढ येते वरच्या टोकाकडून, नेहमीसारखी. अडकला की बोट बरोबर नांगराच्या डोक्यावर न्यायची, दोर आखडून नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) घट्ट करायचा आणि लाटेला काम करू द्यायचं. लाट नाळ उचलते, टाय पटकन तुटतो, आणि मग ओढ बुडाकडून येते. ज्या वाटेने नांगर आत शिरला त्याच वाटेने उलटा बाहेर येतो. प्लाऊ नांगराच्या बुडाशी पुष्कळदा भोक असतं, ते ह्याचसाठी.

मी ह्या पद्धतीने सहा वर्षं एकच नांगर वापरतोय. (आत्ता हे लिहिलं म्हणजे रविवारी जाणार.)

उथळ पाणी
खारट, हे भारी आहे. पण केबल टायवर अख्खी बोट कशी टिकते? ४.८ मिमी रुंदीच्या टायच्या पाकिटावर २२ किलो लिहिलंय. वारा सुटला तर बोट त्याहून कितीतरी जास्त ओढेल ना?

निरगाठ
हा प्रश्न फार थोड्यांना पडतो, म्हणून नीट सांगतो.

साखळी बुडापासून दांड्याला घट्ट लगटून आली असेल आणि ओढ दांड्याच्याच रेषेत असेल, तर भार साखळीतून थेट बुडाच्या शॅकलवर जातो. टाय फक्त साखळीला दांड्याजवळ धरून ठेवतो. ओढ दांड्याला काटकोनात आली, म्हणजे तुम्ही बरोबर वरून खेचलंत, की मगच सगळा भार टायवर येतो आणि तो तुटतो. आता ह्याचा उलटा अर्थ बघा. बांधताना साखळी दांड्यापाशी झोळीसारखी सैल राहिली, तर पहिल्या क्षणापासून अख्खी बोट त्या २२ किलोच्या प्लास्टिकवर. 'टाय टिकतच नाहीत हो' म्हणणाऱ्यांच्या साखळीला मी बहुतेक वेळा झोळ पाहिलाय.

१६ फुटी बोटीला दोन टायने सुरुवात करा. शांत पाण्यात सुटायला फार जड गेला तर एक करा. उन्हात पडून जुने झालेले टाय नकोत, ते ठिसूळ होतात. दर खेपेला नवे लावा.

ओहोटी
इथे एक धोक्याची खूण माझ्याकडून. ही कमकुवत जोडणी घेऊन झोपायचं नाही! भरतीची ओहोटी झाली, प्रवाह फिरला की बोट नांगराच्या दुसऱ्या बाजूला जाते, ओढ उलट दिशेने येते, टाय तुटतो आणि नांगर स्वतःच सुटतो. आम्ही दोघं पहाटे डुलक्या काढत होतो. जाग आली ती फिशफाइंडरवर (मासे आणि खोली दाखवणाऱ्या यंत्रावर) १९ ऐवजी ४१ मीटर दिसल्यावर, तेही मित्राला लघवीला उठायचं होतं म्हणून. त्याच्या मूत्राशयाचे आजही आभार मानतो.

प्रवाह फिरायच्या वेळी नांगर वर घ्यायचा, टाय बघायचा, पुन्हा टाकायचा. रात्र काढायची असेल तर खडक सोडून वाळूत जायचं आणि नांगर साध्या पद्धतीने बांधायचा.

बिनदोर
अवांतर: आपल्या भाषेत शेतातलाही नांगर आणि बोटीचाही नांगर. मग 'प्लाऊ अँकर'ला काय म्हणायचं, नांगरी नांगर?

खारट
जाता जाता, तो नांगरी नांगर जी. आय. टेलर ह्या गणितज्ञाने काढलाय, १९३३ मध्ये. द्रवांच्या गतिशास्त्रातला मोठा माणूस, आणि स्वतः शिडाची बोट चालवायचा. नांगराचं नाव ठेवलं सीक्यूआर, भरभर म्हटलं की 'सिक्युअर' ऐकू येतं.

बिनदोर
गणितज्ञांचे विनोद गणितज्ञांनाच लखलाभ.

उथळ पाणी
निरगाठकाका, दोर काढून बघितला. टोक पिंजलेलं नाही, कापलेलंही नाही. थिंबल (दोराच्या फासातलं धातूचं कडं) जसंच्या तसं आहे, त्याच्याभोवतीचा स्प्लाइसही (पदर विणून केलेला जोड) शाबूत. साखळी आणि शॅकल मात्र नाही.

निरगाठ
वाटलंच होतं.

दुसरा नांगर खडकाने खाल्ला नाही. शॅकलची पिन फिरत फिरत सुटली. बोट रात्रंदिवस हलते, साखळी पीळ घेते, पिनचे आटे एकेक करून मोकळे होतात. पिनच्या डोळ्यातून तार ओवून ती शॅकलच्या अंगाला आवळायची असते. तार नसेल तर केबल टाय तरी लावावा. दोन मिनिटांचं काम. तुम्ही लावली होती?

उथळ पाणी
नव्हती. (मान खाली)

डावा वल्हा
पक्कड घेऊन घट्ट आवळली की पुरते, तार-बीर कशाला.

निरगाठ
डावा वल्हा, मीही तेच म्हणायचो. दोन शॅकल आणि एक नांगर जाईपर्यंत.

शिवाय शॅकल आणि साखळी एकाच जातीची असू द्या. जस्त चढवलेल्या साखळीला स्टेनलेसचा शॅकल लावलात की खाऱ्या पाण्यात दोघांची बॅटरी होते आणि साखळीच्या त्या टोकाचं जस्त आधी खाल्लं जातं. बाहेरून चकचकीत शॅकल बघून माणूस खूश असतो, बिचारी कडी मात्र आतून बारीक होत जाते.

वल्हवीन म्हणतो
कायाकवाल्यांसाठी काही? माझ्याकडे दीड किलोचा घडीचा ग्रॅपनेल आहे, छत्रीसारखा मिटतो.

ओहोटी
कायाकला चालेल, पण ती सरकती कडी सैल झाली की आकडे तळाशीच मिटतात, तेव्हा तिला रबर लावा. नांगर कायाकच्या कुशीला कधीही बांधू नका. कप्पीवरच्या दोराने तो नाळेकडे किंवा शेपटाकडे सरकवून तिथेच ठेवायचा. आणि एका झटक्यात सोडता येईल अशी सुरगाठ. सुरी गळ्यात. प्रवाह जोरात असेल तर नांगर टाकूच नका.

पाणबुडी
मी डायव्हिंग करते. तुमच्यासारख्यांचे नांगर खालून सोडवून द्यायला बऱ्याचदा मलाच पाठवतात, त्यामुळे तुम्ही जे वरून अंदाजाने बोलताय ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन गोष्टी सांगते.

एक. निम्म्या वेळा नांगर अडकलेलाच नसतो. अडकलेली असते साखळी. बोट वाऱ्याने इकडून तिकडे फिरते, तशी साखळी तळावर कंपासने काढावा तसा अर्धगोल घासत जाते आणि कुठल्या तरी दगडाला वेढा घालून त्याच्या कपारीखाली शिरते. नांगर पलीकडे मोकळा पडलेला असतो, कधी कधी आकडे आकाशाकडे करून. तेव्हा तुमचा टाय तुटो न तुटो, काही उपयोग नाही. बोट ज्या दिशेने फिरली असेल तिच्या उलट मोठा फेरा मारून वेढा उलगडावा लागतो. तुम्ही वर बसून जितकं जोरात एकाच बाजूला खेचता तितकी साखळी कपारीत खोल जाते.

दोन. धाग्यात सगळे 'खडक, खडक' म्हणताय. जिवंत प्रवाळ असेल तर? मेंदूसारख्या गोल दगडी प्रवाळाची वाढ वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर एक-दोन सेंटिमीटर. माझ्या कमरेइतकी उंच वसाहत एका ग्रॅपनेलने मधोमध फुटलेली बघितली आहे. आतून खडूसारखी पांढरीशुभ्र, आणि तो साखळीचा अर्धगोल म्हणजे नुसता भुगा. वरून तुम्हाला दोरात फक्त एक 'टक' जाणवला असेल.

डावा वल्हा
ताई, आम्ही एक नांगर टाकतो. ट्रॉलर तळ खरवडत जातात त्यांना विचारा ना.

पाणबुडी
त्यांनाही विचारते. पण हा धागा नांगराचा आहे, आणि नांगर तुम्ही टाकताय. जिथे प्रवाळ आहे तिथे बांधून ठेवलेले बोये असतील तर ते वापरा. १९८१ साली फ्लोरिडात की लार्गोच्या रीफवर जॉन हॅलस नावाच्या सागरी जीवशास्त्रज्ञाने खडकात भोक पाडून पोलादी दांडा सिमेंटने बसवला, त्याला बोया बांधला, बोटी त्याला अडकवायच्या. नंतर जगभर ती पद्धत गेली. बोया नसेल तर वाळू शोधा. उथळ पाणी स्वतःच म्हणतायत की मध्ये वाळूचे पट्टे आहेत.

खारट
पाणबुडीताईंना +१. आणि मी ग्रॅपनेलवाला असूनही म्हणतो, तिसऱ्या नांगरावर पैसे घालण्याआधी वाळूचा विचार करा. रीफच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून प्रवाह येतो तिकडे, वाळूचा पट्टा असेल तर डॅनफोर्थच टाका आणि दोर सोडत सोडत बोट मागे रीफवर आणा. नांगर वाळूत, बोट माशांवर. अडकायचा प्रश्नच नाही.

ओहोटी
सांगायला सोपं आहे खारट. जागेवर आणणं हीच तर कला. माझी पद्धत लिहितो.

आधी जागेवर जाऊन इंजिन न्यूट्रलला टाकायचं आणि पाच मिनिटं बोटीला वाहू द्यायचं. प्लॉटरवर (जीपीएसच्या नकाशावर) जी रेघ उमटते ती खरी. वारा एकीकडून आणि प्रवाह दुसरीकडून असला की बोट तिसरीकडेच जाते, तिथे डोक्याने गणित करून उपयोग नाही. मग त्या रेघेवर उलटं वर जायचं. किती? समजा पाणी २० मीटर, नाळेची उंची १ मीटर, एकूण २१. तिप्पट दोर म्हणजे ६३ मीटर. दोर ताणला की बोट नांगरापासून आडव्या अंतराने साधारण ५९-६० मीटर मागे राहते. म्हणजे खुणेच्या ६० मीटर वर नांगर टाकायचा. नांगर फेकायचा नाही, हळूहळू सोडायचा, बोट मागे सरकत असताना. नाहीतर साखळी नांगरावरच ढीग होऊन पडते आणि आकड्यांत गुंतते.

वाळूत तिप्पट म्हणजे शांत हवेतलं, आपण जागे असतानाचं. एरवी पाचपट ते सातपट. खोली भरतीची धरायची. नांगर टाकला तेव्हाची धरली तर सहा तासांनी तिप्पटचं अडीचपट होतं.

वल्हवीन म्हणतो
वाचनखूण साठवली.

उथळ पाणी
साखळीचं राहिलं. माझ्याकडे होती मीटरभर.

निरगाठ
मीटरभर साखळी म्हणजे पायात पैंजण. निदान बोटीच्या लांबीइतकी हवी, तुम्हाला ५ मीटर. खडकावर आणखी दोन-तीन असली तर बरं, कारण तळाशी घासणारा भाग लोखंडाचाच हवा. नायलॉन कितीही चांगला असला तरी धारदार कालवांच्या दगडावर तासाभरात पिंजतो. ८ मिमी साखळी मीटरला जवळजवळ १.४ किलो भरते, ६ मिमी साधारण ०.८. हाताने ओढणाऱ्याने ६ घ्यावी.

पाणबुडीताईंचं म्हणणं मात्र खरं आहे, साखळी जास्त तेवढी गुंतायला जास्त. म्हणून खडकावर मी ८ मीटरच्या पुढे जात नाही.

वरचा दोर तीनपदरी नायलॉनचा. तो ताणतो, लाटेचा हिसका पितो, आणि बुडतो. पॉलीप्रॉपिलीन तरंगतो, ढिला पडला की पंख्याच्या दिशेने निघतो, आणि उन्हात लवकर कुजतो. टोकाला गाठ नको, थिंबलवर स्प्लाइस करा. गाठीने दोराचं बळ बरंच कमी होतं, निम्म्यापर्यंतही. नीट केलेल्या स्प्लाइसने फारसं नाही. उथळ पाणी, तुमचा स्प्लाइस शाबूत राहिला, म्हणजे तो करणाऱ्याचा हात चांगला आहे.

बिनदोर
मी तर सिमेंटचा ठोकळा वापरतो. गेला तरी दुःख नाही.

लोहारबुवा
ठोकळ्याचं पाण्यातलं वजन बघितलंय का? पोलाद पाण्यात आठव्या हिश्शाच्या आसपास हलकं होतं. सिमेंट काँक्रीट ४० टक्क्यांच्याही वर. २० किलोचा ठोकळा खाली जेमतेम साडेअकरा किलो. वर त्याला ना फाळ ना आकडा. नांगर वजनाने नाही, पकडीने धरतो.

बिनदोर
म्हणूनच मी रोज नवनवीन ठिकाणी मासे पकडतो तर.

डावा वल्हा
एवढं सगळं करण्यापेक्षा, अडकला की दोर मागच्या क्लीटला बांधायचा आणि इंजिनाने जोर लावायचा. निघतो. मी नेहमी काढतो.

निरगाठ
डावा वल्हा, बाकी सगळं तुमचं चालेल, हे नाही. कुणीही नवीन वाचत असेल तर इथे थांबा.

बोटीची पिछाडी सगळ्यात बुटकी असते आणि इंजिनाचं वजन तिथेच. नांगर खाली पक्का, दोर मागे बांधलेला, पुढे थ्रॉटल, की मागचं पाणी आत. २००९च्या फेब्रुवारीअखेर फ्लोरिडाच्या पश्चिमेला मेक्सिकोच्या आखातात २१ फुटी बोटीवर चार मित्र होते, धडधाकट, त्यातले दोघे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळणारे. नांगर अडकला म्हणून दोर मागे बांधून इंजिनाने ओढायला गेले आणि बोट उलटली. थंड पाणी, खवळलेला समुद्र. एकटा निक शायलर उलट्या बोटीला धरून ४० तासांहून जास्त तगला. बाकी तिघे गेले.

दोर नेहमी नाळेलाच. नाळ उंच असते, लाटेला तोंड देते. आणि सुटत नसेल तर कापा. सुरी नाळेपाशी टांगलेली असू द्या, खोक्याच्या तळाशी नको.

डावा वल्हा
हे माहीत नव्हतं. आजपासून बंद.

खारट
डावा वल्हा आज पहिल्यांदा 'विषय संपला' म्हणाला नाही, नोंद घ्यावी.

वल्हवीन म्हणतो
बोया लावून इंजिनाने नांगर वर काढतात तेही ह्याच प्रकारात येतं का?

ओहोटी
नाही, तो वेगळा. त्यात दोर नाळेलाच असतो. दोरावर एक मोठी कडी सरकती ठेवायची आणि कडीला बोया. बोट प्रवाहाविरुद्ध, पण थोडी तिरकी, हळूहळू नांगराच्या पुढे न्यायची. बोया पाण्यात मागे ओढला जातो, दोर कडीतून धावतो, आणि नांगर वर येऊन बोयापाशी लटकतो. मग निवांत जाऊन गोळा करायचा. कंबर वाचते.

बोया पुरेसा मोठा हवा. नांगर ५ किलो आणि ८ मिमी साखळी ८ मीटर म्हणजे ११ किलो, एकूण १६. पाण्यात साधारण १४. म्हणजे १४ लिटरचा बोया जेमतेम, २० च्या पुढचा घ्या. दोर सतत डोळ्यांसमोर, बोटीच्या एका कुशीला दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की इंजिन न्यूट्रल, तो पंख्याकडे चाललाय असं समजा. आणि नांगर मोकळा असेल तरच. अडकलेल्यावर हा प्रयोग करायचा नाही.

पाणबुडी
प्रवाळावरही नको. वर येण्याआधी नांगर दहा-वीस मीटर तळावरून फरफटतो.

बिनदोर
मुळात नांगर टाकायचाच कशाला? जीपीएसवर जागा धरणारी ट्रोलिंग मोटर घ्या. बटण दाबलं की बोट जागच्या जागी. मी शेजाऱ्याच्या बोटीवर बघितलंय, जळफळाट झाला.

खारट
छान असतं ते, बॅटरी आणि प्रवाह दोन्ही साथ देतील तोवर. पण इंजिन बंद पडलं आणि बोट किनाऱ्याच्या दगडांकडे वाहायला लागली, तर बटण कामाला येत नाही. नांगर बोटीत हवाच.

आणि वाहत जाऊन गळ टाकणं, ज्याबद्दल कुणी बोललंच नाही: मासे विखुरलेले असतील तर तेच बरं. एका कपारीवर बसलेले असतील, किंवा पाण्यात चारा सोडून जमवायचे असतील, तर नांगरल्याशिवाय जमत नाही. वाहणाऱ्या बोटीतून चारा टाकणं म्हणजे दुसऱ्यांच्या माशांना जेवण घालणं.

वल्हवीन म्हणतो
ह्या सगळ्यात उथळ पाणी गायब. तिसराही गेला की काय?

उथळ पाणी
आहे, आहे. दोन फेऱ्या मारून आलो, म्हणून उशीर.

सगळं वाचून लक्षात आलं की माझे दोन्ही नांगर नांगराच्या चुकीने गेलेच नाहीत. दुसरा पिनेने गेला. आणि पहिल्याच्या वेळी मी अर्धा तास एकाच बाजूला ओढत होतो, फेरा मारायचं सुचलंच नाही. मी आपला उगाच 'कोणता घेऊ' विचारत बसलो होतो.

तरी घेतले दोन. एक डॅनफोर्थ, पूर्वीचाच साइझ. आणि लोहारबुवांनी सांगितला तसा १० मिमी सळईचा ग्रॅपनेल, चार आकडे, करून घेतला. ६ मिमी साखळी ७ मीटर, सगळ्या पिनांना तार.

पहिल्या फेरीला ओहोटी ह्यांच्या पद्धतीने आधी वाहून बघितलं. माझा अंदाज होता बोट उत्तरेकडे जाईल, रेघ उमटली जवळजवळ पूर्वेकडे! म्हणजे आजवर मी नांगर टाकून रीफवर नाही, रीफच्या शेजारीच बसत होतो. वाळूत डॅनफोर्थ टाकला, दोर सोडला, दुसऱ्या प्रयत्नात फिशफाइंडरवर खडक बरोबर बुडाखाली. निघताना हाताने वर आला, सोबत बादलीभर वाळू.

दुसऱ्या फेरीला वाळू मिळाली नाही, नुसता ओबडधोबड खडक. पाण्याखालचं बघायची काच पाण्यात धरून वाकून बघितलं, पण २० मीटरवर निळ्याशिवाय काही दिसलं नाही. पाणबुडीताई, प्रवाळ नव्हता असं छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. ग्रॅपनेल टाकला, दोन टाय. अडकला. डोक्यावर गेलो, दोर आखडला, पहिल्या लाटेला काही नाही, दुसरीला नाळ बसली, आणि तिसरीला 'टक्'. दोरातून हाताला जाणवलं. वर आला तेव्हा एक टाय तुटलेला, दुसरा अर्धवट घसरलेला, आणि दोन आकडे हाताच्या बोटांसारखे सरळ.

पाणबुडी
प्रामाणिकपणाबद्दल मार्क दिले. ती जागा प्लॉटरवर खूण करून ठेवा. कधी तिकडे डाइव्ह झाली तर खाली काय आहे ते सांगेन, मग ठरवा.

निरगाठ
टाय तुटूनही दोन आकडे सरळ झाले, म्हणजे दुसरा टाय घसरला तिथे साखळी पुरती मोकळी झालीच नाही. दोन्ही टाय एकाच कडीत घाला, वेगवेगळ्या नको.

उथळ पाणी
हो, वेगवेगळ्या कड्यांत होते. बदलतो. आता एक शेवटचं: आकडे पुन्हा वाकवले, पण किती वेळा चालतील? आणि तापवून वाकवू का?

लोहारबुवा
थंडच वाकवा, पाइप घालून, एका दमात. पुढेमागे हलवत बसू नका. सळई त्याच जागी वाकत राहिली की कडक होते आणि मग भेगाळते. प्रत्येक वेळी वाकाच्या बाहेरच्या अंगावर नखाने चाचपा, बारीक चीर लागली की ती सळई बदलायची. जस्त चढवलेला असेल तर भट्टीत अजिबात घालू नका, त्याचा धूर बाधतो, ताप येतो.

उथळ पाणी
जस्त नाही, नुसता काळा रंग मारलाय. तोही अर्धा रीफवर राहिला.